सव्वा महिना

गिरगावातल्या चाळीत बाळ घरी आल्याची बातमी सगळ्यात आधी गॅलरीतली दोरी देते. जुन्या धोतराचे त्रिकोणी लंगोट, आजीच्या सुती साडीची चौघडी घालून शिवलेली दुपटी, पाठीमागे बंद असलेली इवलीशी झबली एका ओळीत वाळत पडली, की समोरच्या मजल्यावरच्या बाईला काही सांगावे लागत नाही. ती कठड्यावरून वाकून विचारते, ‘आली का गं घरी?’ आणि उत्तराची वाट न पाहता गॅसवर कसले तरी पातेले चढवते. चाळीत जन्म ही एका घराची गोष्ट राहत नाही. दारे दिवसभर उघडी, भिंती पातळ आणि नळ सामाईक, त्यामुळे बाळाचे पहिल्या रात्रीचे रडणे अख्ख्या मजल्याला जागवते आणि सकाळी नळावर त्याचीच विचारपूस चालते.

अशा घरात बाळंतिणीसाठी वेगळी खोली असण्याचा प्रश्नच नसतो. मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला बांधलेल्या बीडीडी चाळींतली एक खोली १६० चौरस फुटांची. सासू-सासरे, दीर, थोरले मूल, देव्हारा, मोरी आणि स्वयंपाक हे सगळे तिच्यात. तिथे खोलीतच खोली करावी लागते. कोपऱ्यात कॉट सरकते, तिच्यापुढे दोरीवर साडीचा पडदा येतो, कॉटखालच्या ट्रंका बाहेर निघतात आणि तिथे शेगडीला जागा होते. पुरुषांची अंथरुणे गॅलरीत जातात. थोरल्या मुलाला शेजारच्या काकूंकडे झोपायची सवय लावली जाते. बाळंतिणीच्या वाट्याला आलेल्या त्या चार हात जागेसाठी घरातल्या प्रत्येकाने आपली थोडी थोडी जागा सोडलेली असते. बाळंतपणातली विश्रांती अशीच असते. ती आपोआप मिळत नाही, कोणीतरी करून द्यावी लागते आणि करून देणाऱ्याला त्यासाठी स्वतःचे काहीतरी सोडावे लागते.

पहिले बाळंतपण माहेरी, हा जुना रिवाज. गिरणगावातल्या बहुतेक घरांची माहेरे कोकणात किंवा घाटावर सातारा-कोल्हापूरकडे. सातवा महिना लागला की लेकीला नेण्यासाठी भाऊ येई आणि कोकणातली असेल तर भाऊच्या धक्क्यावरून बोटीने, पुढच्या काळात एसटीने ती गावी जाई. गावात अंगण होते, विहिरीचे पाणी होते आणि मुख्य म्हणजे आई होती. सासरी ज्या मुलीला भाकरीचा तुकडा मोडतानाही सगळ्यांची ताटे वाढून झाली का ते पाहावे लागे, ती माहेरी निदान महिनाभर हातात आलेले ताट जेवत असे. ज्यांना गावी जाणे जमत नसे, त्यांच्यासाठी शहरात हळूहळू प्रसूतिगृहे उभी राहिली. कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले. परळला नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली उघडले, ते गिरणीमालकांच्याच घराण्याने कामगार कुटुंबांची गरज ओळखून बांधले. त्यानंतर परळ-लालबागच्या कित्येक पिढ्यांनी आपला जन्म ‘वाडियातला’ असे सांगितले. दवाखान्यातले दिवस मात्र थोडे. खरे बाळंतपण घरी परतल्यावर सुरू होते.

त्याचा पहिला धक्का झोपेला बसतो. नवजात बाळ दिवसातले सोळा-सतरा तास झोपते खरे, पण तुकड्यातुकड्यांनी. त्याचे पोट लहान, आईचे दूध लवकर पचणारे, म्हणून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा त्याला अंगावर घ्यावे लागते. रात्र आणि दिवस यांतला फरक त्याला कळू लागायला दोन-तीन महिने जातात. तोवर त्याचे घड्याळ वेगळे आणि मुंबईचे वेगळे. शहराचे घड्याळ कडक आहे. नळाला पाणी पहाटे येते आणि ठरल्या वेळी जाते. पूर्वी पहिल्या पाळीचा भोंगा होता, आता ठरलेली लोकल आहे. रात्री दोनला, चारला पाजून डोळा लागतो न लागतो तोच मोरीत पिंपे भरण्याचा आवाज सुरू होतो. पाणी गेले तर दिवसभराचे लंगोट कशात धुवायचे, म्हणून कोणालातरी उठावेच लागते. त्या घरात दुसरे कोणी उठणारे आहे की नाही, यावर बाळंतिणीचा पुढचा सगळा दिवस ठरतो.

थकवा एकट्या जागरणाचा नसतो. गर्भाशयाला पूर्वीच्या आकारावर यायला साधारण सहा आठवडे लागतात. बाळंतपणात रक्त गेलेले असते, टाके ओले असतात आणि दूध तयार करण्यासाठी शरीराला रोज सुमारे ५०० कॅलरींचे जादा अन्न लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते, छाती दगडासारखी होते आणि नेमके त्याच दिवसांत कारण नसताना रडू येते. सगळे घर पेढे वाटत असताना आपल्याला रडू का यावे, हे तिचे तिलाही कळत नाही. हे रडू बहुतेकींचे दोन आठवड्यांत ओसरते. ओसरले नाही, बाळाकडे पाहावेसे वाटेना, झोपायला वेळ असूनही झोप येईना, तर तो आजार असतो आणि त्याला डॉक्टरांची मदत लागते. ‘सगळ्याजणी बाळंत होतात’ या वाक्याने तो बरा होत नाही. या वाक्याखाली किती बायकांनी आपले दुखणे गिळले असेल, त्याची नोंद कुठेच नाही.

या सगळ्यासाठी मराठी घरांनी एक मुदत घालून ठेवली होती, सव्वा महिन्याची. गर्भाशयाचे सहा आठवडे आणि हा सव्वा महिना जवळजवळ एकमेकांना येऊन भिडतात. पुस्तके न वाचलेल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या शरीरे पाहून ही मुदत ओळखली असावी. पहिले दहा दिवस सोयर. त्या काळात घरात पूजा नाही, परक्याने येऊन जेवायचे नाही. शिवाशिवीच्या कल्पनेतून आलेल्या या नियमाने बाईला अपवित्र ठरवले, हा अपमान खराच. पण चूल, देव आणि पाहुणा या तिन्ही कामांपासून तिला सुटका देणारा दुसरा नियमही घरात नव्हता. पाचवीला सटवाईची पूजा मांडायची, रात्री जागायचे, बाराव्या दिवशी बारसे. त्या दिवशी घर पहिल्यांदा माणसांनी भरते, आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते आणि घुगऱ्या वाटल्या जातात. सोयर फिटलेले असते, पण ओली बाळंतीण अजून ओलीच असते, म्हणून तिचे न्हाणे, शेक आणि पथ्य पुढे चालूच राहते.

या दिवसांचे मुख्य माणूस म्हणजे न्हाऊ घालणाऱ्या मावशी. पाणी आल्यावर त्या येतात. मोरीत पाटावर पाय लांब करून बसतात, बाळाला पायांवर उताणे घेतात, कोमट तेल, मग मसुराच्या डाळीचे पीठ आणि साय. बाळ आधी किंचाळते आणि पाण्याचा तांब्या अंगावर पडताच गप्प होते. त्याला गुंडाळून झोपवले की आईची पाळी. कंबर, पोटऱ्या, तळपाय चोळताना मावशी बोलत असतात, आणि त्या बोलण्यात बाळंतिणीच्या मनातले पुष्कळसे बाहेर येते. सासूला सांगता येत नाही, नवऱ्याला समजत नाही, असे काही त्या तासाभरात मावशींच्या हाती सोपवले जाते. मग कढत पाणी, कानाला रुमाल, बाजेखाली निखारे आणि त्यावर ओवा-शेपांची धुरी. आता डॉक्टर सांगतात की कोंदट खोलीतला धूर बाळाच्या छातीला वाईट, नाका-कानात तेल घालू नये, आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, म्हणून सहाणेवर उगाळलेली बाळगुटीही नको. सुरुवातीचे पिवळसर घट्ट दूध, चीक, पूर्वी पिळून टाकत. तेच बाळाला सगळ्यात आधी मिळायला हवे, हे आता रुग्णालयांतून शिकवले जाते. धूर गेला, गुटी गेली, तरी त्या मावशींचा हात मात्र जायला नको होता.

खाण्याची व्यवस्थाही अशीच पुष्कळ हातांची. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांतून डिंक, खारीक, हळीव, सुंठ, बाळंतशेपा येतात. डिंक तळायचा, खारीक कुटायची, खोबरे भाजायचे, हे काम एका दुपारचे आणि चार बायकांचे. चाळीत ते गॅलरीत बसूनच होई. लाडवांचा डबा कॉटच्या उशाशी ठेवला जाई, कारण रात्री तीनला पाजताना लागलेली भूक सकाळपर्यंत थांबत नाही.

बाळंतिणीच्या घरी पाहुण्यांचे दोन प्रकार स्पष्ट दिसतात. एक येतो तो काम उचलतो. शेजारीण बाळाला पाहायला म्हणून येते, पण आधी मोरीत हात-पाय धुते, दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घड्या घालते, मुगाच्या खिचडीचा डबा ओट्यावर ठेवते आणि थोरल्या मुलाचे बोट धरून त्याला चौपाटीवर घेऊन जाते. त्या थोरल्याचे दुःख तिला दिसलेले असते. कालपर्यंत आईच्या कुशीत झोपणारे ते मूल आज पडद्याबाहेर उभे राहून ‘हळू’, ‘गप्प’, ‘नंतर’ एवढेच ऐकत असते. दोन तास त्याला वाळूत खेळवणे ही बाळंतविड्यापेक्षा मोठी भेट आहे.

दुसरा पाहुणा रविवारी येतो, दुरून येतो आणि प्रेमाने येतो. रानडे रोडवर घेतलेला अंगडे-टोपड्यांचा संच, बाळाच्या मुठीत नोट, पेढ्यांचा पुडा. तो विरारहून, कल्याणहून दोन गाड्या बदलून आलेला असतो. त्याला चहा-पोह्यांशिवाय कसे पाठवायचे? मग सासू ओट्याशी उभी राहते आणि बाळंतीण पदर सावरून बसून राहते, डोळे मिटत असतानाही. नाक कोणावर गेले, रंग कोणाचा घेतला, याची चर्चा होते. ‘दूध पुरतंय ना?’ हा प्रश्न हटकून येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात काही नसले तरी ऐकणारी त्यावर रात्रभर विचार करते. ‘आमच्या वेळी’ असे सुरू होणारे सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. पाहुणा गेल्यावर मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली जाते. बाळ मात्र दृष्टीने चिडलेले नसते. हातोहाती फिरून आणि झोपमोड होऊन ते दमलेले असते. बाळंतपण भाद्रपदात आले तर पाहुण्यांची आणि गणपतीची गर्दी एकाच वेळी होते. केशवजी नाईकांच्या चाळीचा १८९३ पासूनचा गणपती असो की लालबागचा १९३४ पासूनचा, त्या दिवसांत गिरगाव-लालबागच्या रस्त्यांवर माणूस मावत नाही, आणि दर्शनाला आलेले नातेवाईक ‘तसेच वर डोकावून’ जातात. घरच्या गणपतीला सोयर आड येते तेव्हा शेजारचे घर पुढे होऊन पूजा करते, त्याचीही परंपरा चाळींना आहे.

मात्र सव्वा महिना सगळ्यांना कधीच नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. कामाचे पैसे नगावर मिळत. गैरहजर राहिले की पगार बंद आणि जागाही दुसरीला जाण्याची भीती. बाळंत होईपर्यंत काम आणि बाळंत झाल्यावर होईल तितक्या लवकर पुन्हा काम, हीच रीत होती. बाळाला घरी कोणाकडे ठेवायचे? म्हातारी सासू नाहीतर सात-आठ वर्षांची थोरली मुलगी. बाळ दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी दिली जाई. सरकारने या प्रश्नाच्या पाहणीसाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२२च्या अहवालात ही गोष्ट नोंदवली आहे. आईच्या हातून बाळाला अफू मिळते, हे वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या गोळीमागे दुष्टपणा नव्हता, गिरणीतली पाळी चुकू नये ही धडपड होती. बाळाला झोपवणारी ती गोळी खरे तर आईच्या न मिळालेल्या रजेची जागा भरत होती.

ही रजा कायद्यात यायला वेळ लागला. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेले विधेयक फेटाळले गेले. मुंबई कायदेमंडळात १९२८ मध्ये असेच विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलायला हवा, आणि बाईच्या श्रमांचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यातून अंग काढता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. १९२९ साली मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला, देशातला पहिला. दिवसाला आठ आणे आणि बाळंतपणानंतर चार आठवडे कामावर घेण्यास मनाई. चार आठवडे म्हणजे सव्वा महिन्यापेक्षा कमीच. १९६१च्या केंद्रीय कायद्याने रजा बारा आठवड्यांची केली आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे सक्तीच्या विश्रांतीचे ठरवले. घरातल्या जुन्या मुदतीपर्यंत कायदा तेव्हा येऊन पोहोचला. तोवर गिरण्यांतल्या बायकांची संख्या घटत चालली होती. लाभाचा खर्च टाळण्यासाठी बायकांनाच न घेणे, हे त्या घटीच्या कारणांपैकी एक होते.

गिरणीबाहेर पडलेल्या बायकांचे काम थांबले नाही, ते घरात आले. गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांसाठी गिरणगावातल्या बायका खाणावळी चालवत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना बांधली. खाणावळवालीला बाळंतपणाची रजा कोण देणार? जेवायला येणारे वीस-पंचवीस जण दुपारी येणारच. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी लोहाणा निवासच्या गच्चीवर सुरू केलेल्या लिज्जत पापडाने वेगळी वाट काढली. सकाळी मळलेले पीठ घरी न्यायचे, सवडीने लाटायचे, दुसऱ्या दिवशी पापड देऊन मजुरी घ्यायची. अंगावरचे मूल झोळीत झोपले की लाटणे हातात घेता येई. मात्र सवडीने करायच्या कामाला सुट्टी नसते, हेही त्या बायकांना ठाऊक होते. एका पायाने झोळीची दोरी हलवत दोन हातांनी लाटणारी बाई विश्रांती घेते आहे की काम करते आहे, हे सांगता येत नाही.

आता गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत. बीडीडी चाळींतल्या १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांची घरे मिळू लागली आहेत. बाळंतिणीला स्वतःची खोली मिळाली, दाराला कडी मिळाली. खालचा पहारेकरी फोन करून विचारतो तेव्हाच पाहुणा वर येतो. पण कठड्यावरून वाकून विचारणारी बाईही आता नाही, आणि कपड्यांच्या घड्या घालायला कोणी नकळत येत नाही. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले. तरी रजेवरच्या बाईला ‘फक्त एकच विचारायचे होते’ असे कार्यालयातले संदेश येत राहतात. भेटी व्हिडिओ कॉलवर होतात, तेव्हा चहा करावा लागत नाही, केस मात्र विंचरावे लागतात. वडिलांसाठी केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवसांची रजा आहे, खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. ज्या घरी बाप रात्रीची एक पाळी घेतो, लंगोट बदलतो, ढेकर काढतो, त्या घरातल्या बाईचा चेहरा महिनाभरात वेगळा दिसतो.

शेजाराची काही कामे संस्थांकडे गेली आहेत, आणि त्यातली एक तर फार मोलाची आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना तिथे दुसऱ्या आयांनी दिलेले दूध मिळते. स्वतः झोपेला महाग झालेली बाई अनोळखी बाळासाठी वाटी भरून देते, तेव्हा जुना मजला एका वेगळ्या रूपात पुन्हा उभा राहिलेला असतो.

सव्वा महिना संपतो तेव्हा दीड महिन्याची लस जवळ आलेली असते. आई पहिल्यांदा बाळाला घेऊन जिना उतरते. कंबर अजून दुखते, रात्री अजून तुटक असतात, पण घराच्या हिशेबात ती आता बरी झालेली असते. मावशींचे येणे थांबते. त्यांना साडी, ओटी आणि ठरलेले पैसे दिले जातात आणि त्या पुढच्या घरी जातात. एका सकाळी तीन-चार घरच्या बाळंतिणींना उभे करणाऱ्या या बाईला, किंवा तिच्या पोटच्या मुलीला, कायद्यातले २६ आठवडे लागू होत नाहीत, कारण घरकामाला तो कायदा आस्थापना मानत नाही. पहिल्या बाळंतपणात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळू शकतात. त्यानंतर घरी बसले तर कामाची घरे सुटतात. एकीची विश्रांती दुसरीच्या हातांवर उभी असते, हे चाळीत उघड दिसत होते, कारण ते हात शेजारच्याच दारातून येत आणि आपली वेळ आली की त्यांची परतफेड होई. आता ते हात पैसे देऊन दुरून बोलावले जातात. परतफेड पैशांत झाली, असे समजून घर दार लावून घेते. पण मावशींच्या मुलीला दिवस गेले आहेत, हे अनेक घरांना त्या न्हाऊ घालताना बोलता बोलता कळलेले असते. तिच्या उशाशी डिंकाच्या लाडवांचा डबा कोण ठेवणार आणि तिची सुटलेली घरे सव्वा महिन्यानंतर तिला परत कोण देणार, हे ठरवणे त्या घरांकडे आहे, आणि कायद्याकडेही.